ॲक्सेस की लीक झालीये? नवी बनवायच्या आधी हा क्रम नीट वाचा

क्लाउडची ॲक्सेस की, म्हणजे प्रोग्रामला क्लाउड अकाउंटमध्ये शिरायला दिलेली आयडी आणि सिक्रेटची जोडी, लीक झाली की बहुतेक जण एकच करतात. घाईघाईत नवी की बनवतात, आठवेल तिथे पेस्ट करतात, ॲप चालतंय ना बघतात आणि जुनी डिलीट करून सुटलो एकदाचे म्हणतात. अडचण अशी की हा क्रम नेहमीच्या रोटेशनचा (ठरवून की बदलण्याचा) आहे, म्हणजे की फक्त आपल्याच हातात असते तेव्हाचा. लीकमध्ये ती दुसऱ्याच्याही हातात असते, आणि तुम्ही नवी की सगळीकडे लावत बसलेले असता तेवढा वेळ समोरचा जुनीने आत फिरत असतो, स्वतःसाठी वेगळं दार उघडून ठेवत असतो. मग तुम्ही जुनी डिलीट केलीत तरी त्याचं काही अडत नाही.

म्हणून लीकमध्ये क्रम असा: आधी की बंद, मग तिच्यावरून काढलेली टोकन (थोड्या वेळाचे प्रवेश-पास) मारायची, मग त्याने काय केलं ते बघायचं, आणि त्यानंतर नवी की. खाली उदाहरणं एडब्ल्यूएसची (ॲमेझॉनच्या क्लाउडची) घेतलीयेत, गूगल क्लाउड आणि ॲझ्युअरमध्ये जिथे वेगळं वागावं लागतं तिथे तसं लिहिलंय.

लीक कशाला म्हणायचं यावरही लोक उगाच वाद घालतात. पब्लिक रेपोमध्ये (सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या साठ्यात) पाच मिनिटं होती आणि लगेच प्रायव्हेट केला, तरी लीकच. पब्लिक कमिट सतत चाळणारे बॉट असतात, त्यांना पाच मिनिटं खूप झाली. स्क्रीनशॉटमध्ये दिसली, लॉगमध्ये छापली गेली, कंटेनर इमेजच्या एखाद्या लेयरमध्ये राहिली, लॅपटॉप हरवला, हे सगळं लीकच धरायचं.

१. तयारी: दहा मिनिटं द्या, त्याहून जास्त नको

पहिली गोष्ट, तुम्ही स्वतः कशाने लॉगिन केलंय ते बघा. ज्या युजरची की लीक झालीये त्याच युजरने काम करत असाल तर मध्येच स्वतःलाच बाहेर काढून बसाल. वेगळा ॲडमिन युजर किंवा रोल (तात्पुरता घेता येणारा हक्कांचा संच) हवा, त्यावर एमएफए (पासवर्डशिवाय आणखी एक ओळख-तपासणी) हवं, आणि मशीनही वेगळं असेल तर उत्तम, कारण की त्या लॅपटॉपमधूनच चोरीला गेली असेल तर तिथे नवी की बनवून काय उपयोग.

दुसरी गोष्ट, की आयडी नीट लिहून घ्या. आयडी गुप्त नसतो, गुप्त असतो तो सिक्रेट. एडब्ल्यूएसमध्ये आयडी 'एकेआयए'ने सुरू होत असेल तर ती कायमची की, 'एएसआयए'ने सुरू होत असेल तर ते तात्पुरतं क्रेडेन्शियल आणि त्याला आयएएममध्ये (युजर आणि त्यांचे हक्क सांभाळणाऱ्या सर्व्हिसमध्ये) 'इनॲक्टिव्ह'चं बटणच नाही, तिथे थेट तिसऱ्या टप्प्यावर जा. की कोणत्या युजरची आहे ते माहीत नसेल तर 'गेट ॲक्सेस की लास्ट यूज्ड' या कमांडला नुसता आयडी द्या, युजरचं नाव मिळतं, शिवाय शेवटची कधी, कोणत्या सर्व्हिसवर, कोणत्या रीजनमध्ये (क्लाउडच्या कोणत्या भौगोलिक विभागात) वापरली तेही कळतं. हे उत्तर कॉपी करून ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे.

तिसरी, एक साधी टेक्स्ट फाइल उघडा आणि प्रत्येक कृतीची वेळ त्यात टाका. कधी कळलं, कधी बंद केली, कोणी केली. कंटाळवाणं वाटतं पण चौथ्या टप्प्यात लॉग वाचताना 'हे आपण केलं का त्याने' हा प्रश्न दर दोन ओळींना येतो, आणि तेव्हा या फाइलशिवाय काही सुचत नाही.

इशारा: टीमला कळवताना अख्खी की ग्रुपवर पेस्ट करून 'ही लीक झालीये' असं लिहू नका. आयडीची शेवटची चार अक्षरं पुरतात.

२. की बंद करा, डिलीट करू नका

आयएएममध्ये त्या युजरवर जा आणि की 'इनॲक्टिव्ह' करा. डिलीट केली की परत आणता येत नाही, इनॲक्टिव्ह केलेली परत चालू करता येते, म्हणून आत्ता फक्त बंद. चुकून दुसरीच की बंद केलीत, तर परतीचा रस्ता तरी राहतो.

ॲप बंद पडेल या भीतीने लोक इथे अडतात. मी स्पष्ट सांगतो, की पब्लिक झाली असेल तर ॲप पडू द्या. काही वेळ बंद राहिलेलं ॲप परत सुरू होतं, कॉपी होऊन गेलेला डेटा परत येत नाही. पण काही सिस्टिम खरंच अशा असतात की एक मिनिटही थांबवता येत नाहीत, तिथे मधला मार्ग आहे. त्या युजरवर एक डिनाय पॉलिसी (मनाई करणारा नियम) लावा, ॲपला लागतात तेवढ्याच ॲक्शन सोडून बाकी सगळं बंद, विशेषतः आयएएम, एसटीएस (तात्पुरती टोकन देणारी सर्व्हिस), नवी मशीन बनवणं आणि लॉग बंद करणं. स्पष्ट डिनाय हे कोणत्याही अलाउच्या वर असतं, त्यामुळे युजरला आधीपासून ॲडमिन हक्क असले तरी हे लागू होतं. मात्र हा उपाय अर्ध्या-एक तासाचा आहे, रात्रभराचा नाही.

बंद केल्यावर दोन गोष्टी अशा मोडतात की ज्या कोणाच्या लक्षातच नसतात. त्या कीने सही केलेल्या एसथ्रीच्या (फाइल साठवायच्या सर्व्हिसच्या) प्री-साइन्ड लिंक लगेच मरतात, म्हणजे ग्राहकांना मेलवर पाठवलेल्या डाउनलोड लिंकसुद्धा. आणि एसईएसचा (मेल पाठवायच्या सर्व्हिसचा) एसएमटीपी पासवर्ड वापरत असाल तर तो त्या कीच्या सिक्रेटवरूनच तयार झालेला असतो, त्यामुळे मेल जाणं थांबतं. दोन्ही अपेक्षित आहे, घाबरून की परत चालू करू नका.

एका युजरला जास्तीत जास्त दोन कीज असतात. तिथे दुसरी की आधीपासून दिसत असेल तर ती कधी बनली ती तारीख बघा. लीकनंतरची असेल आणि तुमच्यापैकी कोणीच बनवली नसेल तर ती त्याची आहे, तीही बंद.

इशारा: गिटहबवर की सापडली तर एडब्ल्यूएस स्वतःहून त्या युजरवर 'कॉम्प्रोमाइज्ड की क्वारंटाइन' नावाची पॉलिसी लावतं आणि कळवतं. ते बघून लोक निवांत होतात, एडब्ल्यूएसनेच की बंद केली असं समजून. तसं नाहीये, ती पॉलिसी काही ठराविक ॲक्शनच अडवते, की जिवंतच असते. आणि काम पूर्ण व्हायच्या आत ती पॉलिसी काढूही नका.

तपासा: जुन्या कीने 'गेट कॉलर आयडेंटिटी' ही कमांड चालवून बघा. या कमांडला कोणतीच परवानगी लागत नाही, डिनाय लावलं तरी ती चालते, म्हणून की जिवंत आहे का मेलेली हे हिच्याइतकं नेमकं कोणी सांगत नाही. 'इनव्हॅलिड क्लायंट टोकन आयडी' आलं तर बंद झाली. अकाउंट नंबर आणि युजरचं नाव परत आलं तर चालू आहे. खूप जण त्याऐवजी बकेटची (एसथ्रीमधल्या फाइल ठेवायच्या डब्यांची) लिस्ट मागवून बघतात, 'ॲक्सेस डिनाइड' आलं की झालं बंद असं समजतात, पण त्याचा अर्थ फक्त एवढाच की त्या एका कामाची परवानगी नाही. बदल सगळीकडे पोचायला थोडा वेळ जातो, लगेच जिवंत दिसली तर एक-दोन मिनिटांनी परत बघा.

३. तात्पुरती टोकन मारा

हा टप्पा सगळ्यात जास्त वगळला जातो. की हातात असताना समोरच्याने त्या कीवरून तात्पुरती क्रेडेन्शियल काढून ठेवली असतील तर मूळ की बंद करून ती मरत नाहीत, त्यांची मुदत संपेपर्यंत चालतात. रोल घेऊन काढलेलं सेशन रोलच्या सेटिंगप्रमाणे १२ तासांपर्यंत, आणि 'गेट सेशन टोकन' किंवा 'गेट फेडरेशन टोकन'ने काढलेलं ३६ तासांपर्यंत चालू शकतं. म्हणजे तुम्ही आज दुपारी की बंद केली, निर्धास्त झोपलात, तरी उद्या रात्रीपर्यंत तो आत असू शकतो.

युजरच्या टोकनसाठी त्या युजरवर डिनाय पॉलिसी लावायची, त्यात 'टोकन इश्यू टाइम' ही कंडिशन टाकायची, म्हणजे आत्ताच्या वेळेआधी निघालेल्या टोकनला सगळंच बंद. कायमच्या कीच्या रिक्वेस्टमध्ये ही वेळ नसतेच, त्यामुळे पुढे त्याच युजरला नवी की दिलीत तरी ती अडत नाही. रोलसाठी कन्सोलमध्ये (एडब्ल्यूएसच्या वेबपानावर) 'रिव्होक ॲक्टिव्ह सेशन्स' असं बटणच आहे. त्या युजरला जे जे रोल घेता येत होते त्या सगळ्यांवर ते करा, एकावर नाही. तुमची स्वतःची ॲप्सही याने अडखळतील, त्यांना नवं टोकन घ्यावं लागतं, काहींना रीस्टार्ट द्यावा लागतो.

गूगल क्लाउडमध्ये सर्व्हिस अकाउंटची (प्रोग्रामसाठीच्या अकाउंटची) की डिलीट केली तरी तिच्यावरून निघालेली टोकन जिवंत राहतात, साधारण एक तास. ती लगेच मारायची तर सर्व्हिस अकाउंटच डिसेबल करावं लागतं. ॲझ्युअर स्टोरेजमध्ये प्रकार उलटा, तिथे अकाउंट की रीजनरेट केली की तिने सही केलेल्या सगळ्या एसएएस लिंक (प्री-साइन्ड लिंकसारख्याच) जागच्या जागी मरतात, चोराच्याही आणि तुमच्याही. दोन कीज दिलेल्या असतात त्या याचसाठी, ॲप आधी दुसऱ्या कीवर हलवा आणि लगेच पहिली रीजनरेट करा. पण कोणती की लीक झालीये हेच नक्की नसेल तर दोन्ही करावी लागतात.

४. त्याने आत काय केलं ते बघा

नवी की बनवायची घाई इथेच होते, आणि मी इथेच थांबायला सांगतो. समोरच्याने स्वतःचा ॲडमिन युजर बनवून ठेवला असेल तर तुमची नवी की कितीही जपून ठेवलीत तरी काय फरक पडणार आहे? निदान पहिली झडती आत्ताच घ्या, बारीक वाचन नंतर केलं तरी चालेल.

क्लाउडट्रेलची (अकाउंटमध्ये कोणी काय केलं ते नोंदवणाऱ्या सर्व्हिसची) इव्हेंट हिस्टरी उघडा, फिल्टरमध्ये जुन्या कीचा आयडी टाका. मागचे ९० दिवस तिथे काही सेटिंग केलेलं नसलं तरी मिळतात. पण ती प्रत्येक रीजनची वेगळी असते आणि लोक फक्त स्वतःच्या रीजनमध्ये बघून 'काहीच नाही' म्हणतात. आयएएमच्या घटना नॉर्थ व्हर्जिनिया रीजनमध्ये नोंदल्या जातात, तुमचं ॲप जगात कुठेही चालत असलं तरी. म्हणून पहिली नॉर्थ व्हर्जिनिया, मग बाकी चालू असलेल्या सगळ्या रीजन एकेक करून. क्रिप्टो मायनिंगवाले मुद्दाम तुम्ही कधी न उघडलेल्या रीजनमध्ये मोठी मशीन लावतात.

डोळ्यात तेल घालून बघायच्या गोष्टी: नवा युजर बनला का, कोणाला नवी ॲक्सेस की मिळाली का, ज्या युजरला कन्सोल पासवर्ड नव्हता त्याला तो मिळाला का, कोणावर पॉलिसी चिकटवली का, एखाद्या रोलच्या ट्रस्ट पॉलिसीत (तो रोल कोण घेऊ शकतं ते ठरवणाऱ्या नियमात) अनोळखी अकाउंट घुसलंय का. हे शेवटचं फार चोरटं असतं, कारण युजरच्या यादीत काहीच दिसत नाही. मग मशीन, लॅम्डा फंक्शन (क्लाउडमध्ये चालणारे छोटे प्रोग्राम), एसईएसमध्ये मेल पाठवायची मर्यादा तपासलेली, ट्रेलचं लॉगिंग थांबवलेलं.

नवी की किंवा नवा युजर सापडला की तिथेच थांबू नका, त्या कीचा आयडी घेऊन परत फिल्टर लावा, तिने पुढे काय बनवलं ते बघा, आणि असं धागा संपेपर्यंत. सापडलेल्या कीज आणि युजरही आधी बंदच करा. अनोळखी मशीन दिसलं तर चौकशीसाठी पुरावा लागणार असेल तर डिस्कचा स्नॅपशॉट घ्या आणि मग उडवा.

इशारा: इव्हेंट हिस्टरीत एसथ्रीच्या फाइल वाचल्याची नोंद नसते. ती डेटा इव्हेंट (फाइल-पातळीवरच्या नोंदी) आधीपासून चालू ठेवली असतील तरच मिळते, तीही ट्रेलच्या लॉगमध्ये. त्यामुळे 'लॉगमध्ये दिसत नाही म्हणजे फाइल गेल्या नाहीत' असं कोणालाही लिहून देऊ नका. त्या कीला जेवढं वाचता येत होतं तेवढं सगळं गेलं असं धरून चाला, आणि त्या फाइलमध्ये डेटाबेसचे पासवर्ड किंवा दुसऱ्या सर्व्हिसच्या कीज होत्या तर त्याही बदलायच्या यादीत टाका.

५. नवी की, खरंच लागत असेल तरच

एक मिनिट विचार करा. ॲप क्लाउडच्याच मशीनवर चालत असेल तर त्याला रोल द्या, की लागतच नाही. गिटहब ॲक्शन्ससारख्या पाइपलाइनला (कोड आपोआप तपासून चढवणाऱ्या यंत्रणेला) ओआयडीसी या ओळख पटवायच्या पद्धतीने थोड्या वेळाचं टोकन घेता येतं, तिथेही कायमची की ठेवायची गरज नाही. मोबाइल ॲपच्या आत की टाकली होती म्हणून लीक झाली असेल तर नवी की परत आत टाकून काहीच साध्य होत नाही, ॲपचं पॅकेज कोणीही उघडून बघू शकतो. मध्ये स्वतःचा सर्व्हर ठेवा.

रूट युजरची (अकाउंटच्या मूळ मालकाच्या लॉगिनची) की लीक झाली असेल तर नवी बनवूच नका. ती बंद करून शेवटी डिलीट, रूटचा पासवर्ड बदला, एमएफए लावा, आणि रिकव्हरीचा मेल आणि फोन नंबर आपलेच आहेत ना ते बघा.

की लागणारच असेल तर प्रत्येक ॲपला वेगळा युजर आणि त्याला लागतात तेवढेच हक्क. एकच की पाच ठिकाणी वापरली की पुढच्या वेळी कुठून गेली हेही कळत नाही. सिक्रेट एकदाच दिसतं, ते थेट सिक्रेट मॅनेजरमध्ये टाका. सीएसव्ही उतरवून घेऊ नका, ती डाउनलोड्स फोल्डरमध्ये वर्षानुवर्षं पडून राहते. टर्मिनलमध्ये एक्स्पोर्ट करून टाइप केलंत तर शेलच्या हिस्टरीतही राहतं.

६. सगळीकडे लावा, आणि लागली का ते बघा

इथे माझा एक अनुभव सांगतो. एका ठिकाणी आम्ही की बदलली, ॲप, पाइपलाइन, सगळ्यांचे लॅपटॉप, सगळं नीट झालं असं वाटलं. एका जुन्या सर्व्हरवर क्रॉनटॅबच्या (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीच्या) पहिल्या दोन ओळींतच जुनी की लिहिलेली होती, रात्रीच्या बॅकअपसाठी. बॅकअप रोज रात्री फेल होत होता आणि एरर एका लॉग फाइलमध्ये जात होती जी कोणीच उघडत नव्हतं. अकरा दिवसांनी एक टेबल रिस्टोअर करायची वेळ आली तेव्हा शेवटचा बॅकअप अकरा दिवसांपूर्वीचा निघाला. तेवढ्या दिवसांचं काम लोकांनी हाताने परत भरलं. ते बघताना फार वाईट वाटलं, कारण बंद करायच्या आधीच कळलं असतं, क्लाउडट्रेलमध्ये त्या कीखाली रोज रात्री एकाच आयपीवरून रिक्वेस्ट येताना स्वच्छ दिसत होत्या, आम्ही बघितलं नव्हतं.

म्हणून आठवणीवर जाऊ नका, चौथ्या टप्प्यातल्या त्याच लॉगमधून आपल्या स्वतःच्या आयपींची यादी काढा. प्रत्येक आयपी म्हणजे की वापरणारं एक ठिकाण. त्याशिवाय पाइपलाइनचे व्हेरिएबल, कुबरनेटीसचे (कंटेनर चालवणाऱ्या सिस्टिमचे) सिक्रेट, लॅम्डाची सेटिंग, टेराफॉर्मची (क्लाउडची मांडणी कोडने उभारणाऱ्या टूलची) स्टेट फाइल आणि ज्या बाहेरच्या सर्व्हिसला कधीकाळी की देऊन ठेवली होती त्या, हे हाताने तपासा.

नवी की लावूनही जुनीच वापरली जाते याचं नेहमीचं कारण म्हणजे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. सीएलआय (कमांड लाइनचं टूल) आणि बहुतेक एसडीके (कोडमधून वापरायच्या लायब्ररी) आधी व्हेरिएबल बघतात आणि मग क्रेडेन्शियल्सची फाइल. तुम्ही फाइल बदलता, व्हेरिएबलमध्ये जुनी तशीच असते आणि तास वाया जातो. 'एडब्ल्यूएस कॉन्फिगर लिस्ट' चालवा, की कुठून आली आणि तिची शेवटची चार अक्षरं काय ते दाखवतं. कुबरनेटीसमध्ये सिक्रेट बदललं तरी व्हेरिएबलने घेतलेली किंमत चालू पॉडमध्ये (चालू कंटेनरमध्ये) बदलत नाही, पॉड रीस्टार्ट करावेच लागतात. आणि एसएमटीपी पासवर्डच्या जागी नवं सिक्रेट जसंच्या तसं टाकून चालत नाही, त्या रीजनसाठी पासवर्ड नव्याने काढावा लागतो.

तपासा: नव्या कीची 'शेवटचा वापर' वेळ पुढे सरकतीये का. ॲप नुसतं उघडून बघू नका, फाइल अपलोड करा, मेल पाठवा, बॅकअपची स्क्रिप्ट हाताने चालवा.

७. डिलीट आणि साफसफाई

जुनी की इनॲक्टिव्ह आहे तोवर ती कोणी वापरू शकत नाही, त्यामुळे तुमचं सगळ्यात क्वचित चालणारं काम, आठवड्याचा रिपोर्ट असो की महिनाअखेरीचा जॉब, एकदा नव्या कीवर नीट होऊन जाऊ द्या आणि मग डिलीट करा. पण कॅलेंडरमध्ये तारीख टाका, नाहीतर ती तशीच राहते आणि सहा महिन्यांनी कोणीतरी एरर बघून तीच परत चालू करतं.

रेपोची साफसफाई आत्ता, आधी नाही. नव्या कमिटमध्ये ओळ काढली तरी जुन्या कमिटमध्ये की असतेच, हिस्टरी पुसायची तर गिट फिल्टर-रेपोसारखं टूल लागतं. तरीही लोकांनी घेतलेले क्लोन आणि फोर्क तुमच्या हातात नसतात, म्हणून हिस्टरी पुसली म्हणजे की बदलायची गरज नाही असं कधीच होत नाही. गिटलीक्ससारखा स्कॅनर कमिटच्या आधी चालेल असा लावून टाका.

आपण न वापरलेल्याचं बिल आलं असेल तर क्लाउड कंपनीच्या सपोर्टकडे लगेच केस उघडा, पहिल्या टप्प्यातली वेळांची फाइल तिथे कामी येते. बजेटचा अलर्ट लावा, फक्त लक्षात असू द्या की साधा अलर्ट नुसता कळवतो, खर्च थांबवत नाही.

आणि ३६ तास उलटून गेल्यावर परत एकदा बसा. युजरची यादी, कीजच्या तारखा, रोलच्या ट्रस्ट पॉलिसी, प्रत्येक रीजनमधली मशीन. बिलाचे आकडे उशिरा दिसतात, त्यामुळे बिल तिसऱ्या दिवशी पुन्हा उघडा आणि सर्व्हिसप्रमाणे न बघता रीजनप्रमाणे लावून बघा, एखादी राहून गेलेली मशीन तिथेच सापडते.